खुंटी क्रमांक सोळा

४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार, आणि वहिनींनाही सांग. फोनच केला असता, पण फोनवर तू प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणतोस आणि मी भर दुकानात ओरडत बसते. परवा एका बाईंना वाटलं, मी त्यांच्यावरच ओरडतेय. माप न देताच त्यांनी काढता पाय घेतला. तेव्हा पत्रच बरं.

पाच डिसेंबरला तू मुलाकडे कायमचा राहायला जाणार, हे वहिनींकडून कळलं. तुझ्याकडून नाही कळलं, हेही मी लक्षात ठेवलंय. दोन दिवसांचा प्रवास आहे तो. माझे गुडघे हे असे, तुझे कान ते तसे. एकदा गेलास की आपली भेट कधी होणार, देव जाणे.

म्हणून माझं म्हणणं, जाण्याआधी एक दिवस काढ. आपण दोघं मातीच्या बांधांचं ते उद्यान बघून येऊ. तोच आपला गवताचा गोल बांध! तू रस्ते खात्यात नवा मोजणीदार होतास, तिथं तंबू टाकून राहत होतास आणि मी शाळेच्या सुट्टीत तुझ्याकडे आले होते. तेव्हा तिथं गुरं चरायची. आता म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी टोपल्या वाहून तो बांध घातला, असं निघालंय. तिकीट लावलंय, शाळांच्या सहली जातात. त्यातल्या दोन शाळांचे गणवेश माझ्याच दुकानात शिवले जातात, त्यामुळे सगळ्या बातम्या मला घरबसल्या मिळतात.

आणखी एक कारण आहे. मला तुला काही सांगायचंय. फार आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. ते तिथंच उभं राहून सांगायचंय. नाही म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी

११ ऑक्टोबर

प्रिय डावरे,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून डावीकडे कलतं. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर इतक्या पट्ट्या मारल्या, पण तू काही बधली नाहीस.

उद्यानाची कल्पना चांगली आहे, पण व्यवहारात अडचणी आहेत. एक तर ते उघडं माळरान. नोव्हेंबरात वारा सुटतो आणि माझ्या कानाला वारा चालत नाही. दुसरं, गाड्या थांबतात तिथपासून बांधाच्या पायथ्यापर्यंत माझ्या आठवणीप्रमाणे चारशे ऐंशी मीटर अंतर आहे आणि त्यात चढ आहे. तुझे गुडघे ते करणार का? तिसरं, मधे बसायला काही नाही. चौथं, सामान बांधून व्हायचंय.

त्यापेक्षा तूच इकडे दोन दिवस ये. गच्चीत बसून बोलू. सांगायचं ते इथं सांग.

तुझा,
दादा

ता. क. मी वहिनी लिहितेय. सामान मी एकटी बांधतेय, ह्यांची मदत शून्य. उलट मी फेकलेलं सगळं परत आणून ठेवतात. स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू लावायचं एक लाकूड आहे, लग्न झाल्यापासून बघतेय. तेसुद्धा न्यायचंय म्हणतात! तू ह्यांना एक दिवस घेऊन जा गं. माझी तेवढीच सुटका.

१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

मी काही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. उद्यानाच्या कचेरीला सरळ पत्र टाकलं. तिथल्या कारकुनाने चार पानी उत्तर पाठवलंय. माणूस रिकामा असावा किंवा फार चांगला असावा. आता तुझ्या अडचणी घेते.

वारा: कानटोपी शिवून ठेवली आहे. आतून लोकर, बाहेरून तुला आवडतो तो करडा रंग. अंतर: गाड्या आता अगदी बांधाजवळ जातात, पायी फक्त दीडशे पावलं. बसायला: दर पन्नास पावलांवर बाक आहे. कारकुनाने बाकांना पाठ आहे की नाही तेही लिहिलंय. (आहे.) चढावर लाकडी पायऱ्या केल्यात, कठडा आहे. सोमवारी बंद. सामानाचं वहिनी बघतील, त्यांनी तसं लेखी दिलंय.

तेवीस नोव्हेंबरला माझं दुकान बंद आहे. मी इकडून नऊच्या बसने निघते, तू तिकडून साडेनऊच्या. दोघं अकराच्या सुमाराला फाटकापाशी. पाव, उकडलेली अंडी आणि थर्मासमधून चहा मी आणते. तू फक्त स्वतःला आण.

आणि गच्चीत नाही सांगता येणार, दादा. मी चार वेळा तुझ्या गच्चीत बसून गेले आहे तेच सांगायला. चारही वेळा कपड्यांच्या भावावर बोलून परत आले.

तुझी,
धाकटी

२३ ऑक्टोबर

प्रिय डावरे,

तुझी तयारी बघून थक्क झालो. तू आमच्या खात्यात असतीस तर निम्मे रस्ते वेळेवर झाले असते. तरीही मी येणार नाही. कारणं सांगत बसलो, ती खरी नव्हती. खरं कारण आता लिहितो.

मागच्या वर्षी सूनबाई इकडे राहायला आली होती, तेव्हा मैत्रिणींबरोबर तिथं गेली होती. परत आल्यावर जेवताना तिने गंमत सांगितली. बांधाच्या पूर्वेला रस्ता सरळ येतो आणि मधेच बाहेर वळसा घेऊन पुन्हा सरळ जातो. गाइडबाई तिथं सगळ्यांना थांबवतात आणि म्हणतात, रस्त्याची आखणी करणारा मोजणीदार त्या दिवशी झिंगलेला असावा. लोक पोट धरून हसतात. सूनबाईही सांगताना हसत होती. तो मोजणीदार म्हणजे तिचा सासरा, हे तिला ठाऊक नाही. तुझी वहिनी माझ्याकडे बघत राहिली आणि मी भाजी वाढून घेतली.

मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. त्या वळणापायी मला लेखी ताकीद मिळाली, बढती चार वर्षं अडकली, आणि बाबा "झोपेत मोजलंस का रे?" असं मरेपर्यंत विचारत होते. आता या वयात तिकीट काढून स्वतःची टिंगल ऐकायला जाऊ? माझ्याच्याने होणार नाही. रागावू नकोस.

मात्र तुझ्या "सांगायचंय"ने मला झोप नाही. फार आधी सांगायला हवं होतं, धीर होत नाही, आणि मी जाण्याआधीच सांगायचंय. याचा अर्थ मी न समजण्याइतका खुळा नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सरळ लिही. कुठं दुखतंय, कधीपासून, कोणत्या तपासण्या झाल्या. काहीही असलं तरी मी जाणं पुढे ढकलतो. तिकिटं परत होतात.

दादा

२७ ऑक्टोबर

दादा,

मला काहीही झालेलं नाही! ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर डॉक्टरांनी माझ्यात बघण्यासारखं काही नाही असं सांगितलंय. तुला इतके दिवस घोर लावला, माझं मलाच कसंतरी झालं. तिकिटं परत करू नकोस.

पण आता तिथं उभं राहून सांगायची वाट बघण्यात अर्थ नाही. तू येणार नाहीस, आणि येणार नाहीस त्याला कारण मीच आहे. तेव्हा लिहिते.

तुझ्या आखणीच्या त्या खुंट्या मी हलवल्या होत्या.

त्या सुट्टीत तू मला तुझ्या कामावर न्यायचास, आठवतं? एक डोळा मिटून तीन खुंट्या एकामागे एक लपल्या की ओळ सरळ, हे तू मला शिकवलंस. मी त्या बांधावरून गोणपाट घेऊन घसरायची. पूर्वेची बाजू सगळ्यात छान होती, उंच आणि गवताने गुळगुळीत. एक दिवस तू तिथूनच रस्त्याची ओळ नेलीस. चुना लावलेल्या पांढऱ्या डोक्याच्या पाच खुंट्या माझ्या घसरगुंडीच्या बरोबर मधे, चौदा ते अठरा. तू दुपारी साहेबांकडे गेला होतास. मी पाचही उपटल्या, बारा पावलं बाहेर नेल्या आणि तुझ्याच हातोडीने ठोकल्या. अगदी एका ओळीत, तू शिकवलंस तशा. पोरखेळ म्हणून नुसत्या फेकल्या असत्या तर तुला लगेच कळलं असतं. पण मला वाटलं, खुंट्या आहेत तर नीटच लावाव्यात! उद्या खेळून झालं की परत ठेवू.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईचा निरोप आला आणि तू मला पहिल्या बसमध्ये बसवून दिलंस. बसमध्ये आठवलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण बस सुटली होती. घरी गेल्यावर भीती वाटली. मग वर्षाने तुझी ताकीद आली. भिंतीपलीकडून मी ऐकलं, आई म्हणत होती, "पोराची बढती गेली हो." बाबांनी तुला झोपेत मोजलंस का म्हणून विचारलं तेव्हा मी दाराशी उभी होते. मी तेरा वर्षांची होते, मग चौदा झाले, मग वीस झाले. दर वर्षी सांगणं आणखी अवघड झालं. बेचाळीस वर्षं मी लोकांच्या बाहीचं माप अर्ध्या बोटाने चुकू देत नाही, त्याचं कारण हे आहे.

तुझ्यावर हसतात ते माझ्यामुळे. मला माफ कर. नाही केलंस तरी मी समजेन, पण दोन ओळी लिही.

डावरी

१४ नोव्हेंबर

दादा,

अठरा दिवस झाले. पोस्टमन दिसला की मी शिवण सोडून दाराशी जाते. काल एका मुलीच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

रागावला असशील तर राग लिहून पाठव. फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "ते लिहितीलच," आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या. त्यांच्या आवाजावरून काही कळलं नाही. तू जायच्या आधी मला हे असं ठेवून जाऊ नकोस.

धाकटी

१५ नोव्हेंबर

प्रिय डावरे,

उशीर झाला, चूक माझी. तुझं पत्र वाचलं आणि पहिली ओळ वाचून आधी दोन पेले पाणी प्यायलो. तुला काही झालेलं नाही! तुझ्या वहिनीला हाक मारून सांगितलं, तिने डोळ्याला पदर लावला. पुढचं आम्ही मग निवांत वाचलं.

उत्तर लगेच लिहिणार होतो. पण तुझं सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, जागेवर पडताळल्याशिवाय लिहू नये. जन्मभराची सवय. आठ तारखेला कुणालाही न सांगता बसने उद्यानात गेलो. दिवसभर वाऱ्यात उभा राहिलो, येताना ताप घेऊन आलो. चार दिवस अंथरुणात आणि दोन दिवस वहिनीची बोलणी खाण्यात गेले. तुला कळवायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं.

आता ऐक. खुंट्या तू हलवल्यास हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

तुला बसमध्ये बसवून परत आलो, दुर्बीण लावली, तर ओळ बाहेर गेलेली. जवळ जाऊन बघितलं. खुंट्यांच्या डोक्यावर हातोडीचे ताजे घाव एकाच कडेला, तिरपे. माझ्या माणसांत डावरं कुणी नव्हतं. मला हसू आलं. मग पाचही खुंट्या उपटायला मी वाकलो आणि तसाच राहिलो.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट अशी. आदल्या दिवशी दुपारी मी साहेबांकडे गेलो होतो तो त्याच कामासाठी. म्हणालो, हा बांध इतका गोल आहे, की तो आपोआप झालेला नसावा, रस्ता थोडा बाहेरून नेऊ. साहेब म्हणाले, कागदावर रेघ सरळ आहे, ती सरळच राहील, मातीच्या ढिगासाठी वाकणार नाही. मी "बरं साहेब" म्हणून परत आलो. स्वतः एक खुंटी हलवायची माझ्यात छाती नव्हती. आणि सकाळी बघतो तर ते काम झालेलं! तेही इतकं नीट, की मोजणीची साखळी लावली तर पाच खुंट्यांत चार बोटांचाही फरक नाही.

अर्धा तास मी तिथं उभा होतो. तुझ्या पाच खुंट्यांनी ओळ मधेच तुटत होती. वळण सफाईदार व्हायचं तर दोन्ही टोकांना एकेक खुंटी हलवायला हवी होती, तेरा आणि एकोणीस. त्या मी हलवल्या. माझ्या हाताने. मग फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, लिहिलं, "तेरा ते एकोणीस, पूर्वेला, जागेवर पडताळून," आणि खाली सही केली. ते पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे. सामान बांधताना वहिनीने दोनदा फेकलं, मी दोनदा परत आणलं.

म्हणजे ताकीद मला मिळाली ती माझ्या सहीसाठी. कुणीतरी खुंट्या हलवल्या असं सांगितलं असतं तर सुटलो असतो, पण ते पूर्ण खरं नव्हतं. बाबांना मात्र चूक झाली म्हणालो. साहेबांचं ऐकलं नाही हे सांगायला भ्यालो, चुकलो म्हणणं सोपं वाटलं. तुझ्या कानावर ते पडलं असेल आणि तू ते इतकी वर्षं उराशी धरून बसशील, हे स्वप्नातही आलं नाही. मला वाटलं, पोर खेळली आणि विसरली. तुला एकदा तरी विचारायला हवं होतं. माफी मागायचीच असेल तर मी मागतो.

बढतीचंही सांगतो. चार वर्षं अडकली म्हणून मी त्याच गावात राहिलो, आणि त्या गावातल्या टेलिफोन कचेरीत कोण बसायचं, ते तुला ठाऊक आहे. वळण नसतं तर वहिनीही नसती. तू ह्याचा गुन्हा म्हणून हिशेब लावतेस, तर मग तुझ्या वहिनीला काय म्हणायचं?

आता उद्यानातलं. गाइडबाई वळणापाशी थांबल्या आणि झिंगलेल्या मोजणीदाराची गंमत त्यांनी सांगितली. सगळे हसले. माझा चेहरा मी कानटोपीत घालणार होतो, पण ती तू अजून दिलेली नाहीस. मग त्या म्हणाल्या, "मंडळी, हसताय काय? तो शुद्धीवर असता तर आत्ता तुम्ही बांधावर नाही, डांबरावर उभे असता." सूनबाईने तेवढा शेवट ऐकलाच नव्हता, पुढे गेली असेल. मी एकटाच मोठ्याने हसलो. लोक माझ्याकडेच बघायला लागले.

रस्त्याच्या कडेपासून बांधाच्या पायथ्यापर्यंत मी पावलं मोजली. नऊ. तेरा वर्षांच्या मुलीची बारा पावलं म्हणजे म्हाताऱ्याची नऊच होणार.

गाइडबाईंना मी काही बोललो नाही. ते आपण दोघं मिळून सांगू. तेवीस तारखेला येतोय. साडेनऊची बस.

दादा

ता. क. मी वहिनी. ह्यांच्या सांगण्यावरून फोनवर गप्प बसले, माझा जीव नुसता कासावीस. तू आता रडत असशील तर पुरे कर. आणि कानटोपी आठवणीने आण, पुन्हा ताप मी सहन करणार नाही.

१८ नोव्हेंबर

दादा,

पत्र आलं तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच रडले आणि मग हसले. त्यातल्या एका बाईंनी मला खुर्चीत बसवून स्वतःचं माप स्वतःच घेतलं. चुकीचं घेतलं, पण आज मी कुणाला बोलणार नाही.

इतकी वर्षं! आणि तुझ्या ट्रंकेत सहीनिशी पडलेलं. काय म्हणू तुला? तुझ्यावर रागवावं असं वाटतंय आणि राग येतच नाहीये. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते खरंच उतरतं, दादा. आत्ता मी जिना एका दमात चढले.

अकरा वाजता फाटकापाशी. कानटोपी, पाव, अंडी, चहा. वहिनींनाही आण, सामान जाऊ दे खड्ड्यात.

डावरी

१० डिसेंबर

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलात हे मुलाने कळवलं. सूनबाईला खरं कळल्यावर ती तुझ्या पाया पडायला लागली आणि तू विषय बदलायला तिला पंखा पुसायला लावलास, हेही कळलं.

मी इथं अजून त्या दिवसातच आहे. पायऱ्या चढताना तू माझा हात धरला होतास की मी तुझा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. गाइडबाई झिंगलेल्या मोजणीदारापाशी आल्या आणि तू हात वर केलास, "मॅडम, तो मीच. शुद्धीवर होतो." त्यांचा चेहरा! आणि त्या सावरेपर्यंत तू माझ्याकडे बोट दाखवलंस, "आणि ह्या माझ्या वरिष्ठ. आखणी ह्यांची, मी फक्त सही केली." चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, वहिनींनी सगळ्यात जास्त. मला माझ्या आयुष्यात कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. तिथं उभं राहून मी तुझी माफी मागणार होते. सगळं पाठ केलं होतं, आणि त्यातलं काही बोलायची वेळच आली नाही.

काल कारकुनाचं पत्र आलंय. गाइडबाईंनी आता सांगायचं बदललंय. वळणापाशी थांबून त्या म्हणतात, "इथं रस्ता वळतो, कारण एका मुलीला घसरगुंडी हवी होती आणि तिच्या भावाला हा बांध." लोक आधीइतके हसत नाहीत, पण पुष्कळ वेळ तिथं उभे राहतात, असं त्याने लिहिलंय.

स्टेशनवर तू माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी कोंबलंस. "घरी जाऊन उघड," म्हणालास, आणि वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, एकदाची अडगळ गेली." मी दुकानात येऊन उघडलं. खिडकीचा टेकू! वहिनी, लग्न झाल्यापासून तुम्ही ज्या लाकडाला शिव्या घालताय, ती खुंटी आहे. क्रमांक सोळा. चुना कधीच गेला, कोरलेला आकडा मात्र अजून वाचता येतो.

ती मी दिव्याखाली धरून बघितली. डोक्यावर एका कडेला माझे घाव, तिरपे, बारके. ते मी ओळखले. पण बरोबर मधोमध, माझ्या घावांची टोकं चेपून नंतर पडलेले आणखी चार घाव आहेत, सरळ आणि खोल. लाकूड तिथं दबून वाटीसारखं झालंय. तेराव्या वर्षी माझ्या हातात एवढा जोर नव्हता, आणि मी कधी सरळ ठोकलेलं नाही.

तू पत्रात लिहिलंस, की माझ्या खुंट्या तू तशाच राहू दिल्यास. हे तू लिहिलं नव्हतंस, दादा, की त्या तू आणखी खोल ठोकल्यास.

खुंटी माझ्या दुकानाच्या खिडकीला लावली आहे. छान बसते. खिडकी दिवसभर उघडी राहते.

तुमची,
डावरी